साबुदाण्यावरची साखळी

बर्फाला माझ्या साडूइतकं मनोभावे घाबरणारा, आणि तितक्याच आतुरतेने त्याची वाट पाहणारा माणूस उत्तर ध्रुवापासून नागपूरपर्यंत दुसरा सापडायचा नाही. राहतो इंग्लंडात, बेसिंगस्टोकला. तिथे बर्फ पडतो तो एखाद्या कंजूष आचाऱ्याने शिऱ्यावर काजू टाकावेत तसा. पडला म्हणेपर्यंत संपलेला. पण ऑक्टोबर उजाडला की हा वऱ्हाड कुठवर आलं ते बघणाऱ्या वधूपित्यासारखा दर थोड्या वेळाने दाराशी येऊन आकाश न्याहाळतो. मूळचा नागपूरचा. मे महिन्यात तिथलं डांबर चपलेला चिकटतं, हे असं सांगतो की जणू ते डांबर यांच्याच घरी आटवलेलं असावं. त्याच्या गाडीच्या डिकीत फावडं, घोंगडी, टॉर्च, थर्मास आणि चिवड्याचा डबा कायमचे मुक्कामाला असतात. एव्हरेस्टची एक लहानशी मोहीम त्यात सहज मावेल. माणसांच्या बॅगा तेवढ्या मावत नाहीत, त्या आम्ही मांडीवर घेऊन बसतो.

हे वेड पहिल्यापासून होतंच, पण त्याला खरा जोर चढला तो त्याचे बाबा आले त्या वर्षी. बाबांचे गुडघे आणि बाबांचं हृदय यांनी संगनमत करून ठरवलं होतं की विमानाचा हा प्रवास शेवटचा. डॉक्टरांनी फक्त मान डोलावली. सप्टेंबरात ते आले, पहिल्या चहाचा पहिला घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "बर्फ पडला की सांगजो. एकदा पाहून जाऊ बाप्पा." बस, एवढंच. बाबांनी आयुष्यात मुलाकडे मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. साडूने ती अशी मनावर घेतली, की त्या दिवसापासून त्याला धड जेवण गेलं नाही. म्हणजे दोन पोळ्या कमी झाल्या. उरल्या त्याही आपल्याला जड जाव्यात इतक्या.

बेसिंगस्टोकवर विसंबण्यात अर्थ नव्हता. बाबांना घेऊन स्कॉटलंडच्या डोंगरात जायचं ठरलं. आता प्रश्न एकच उरला आणि त्याने आमच्या हॅम्पशर परगण्यातल्या समस्त मराठी मंडळींची झोप उडवली : चाकांना विंटर टायर लावायचे की स्नो चेन? थंडीत साधा टायर कडक होऊन घसरतो, खास हिवाळी टायर मऊ राहून रस्ता धरून ठेवतो, असं एका गटाचं म्हणणं. खरा बर्फ लागला की टायर कसला, चाकाला लोखंडी साखळीच हवी, असं दुसऱ्याचं. व्हॉट्सॲप ग्रुप दुभंगला. एरवी घटस्थापनेचे फोटो टाकणाऱ्या सोज्वळ काकू साखळीच्या बाजूने इतक्या खवळून लिहू लागल्या की काकांनी भीतीने टायरची बाजू सोडली. ब्रॅकनेलच्या एका मुंजीच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्यालाही साडूने हाच प्रश्न विचारला, आणि तो बिचारा साखळी म्हणाला तेव्हा याने जिलबी नाकारून टायरची बाजू मांडली. शेजारच्या गोऱ्या आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, "आम्ही बर्फ पडला की घरी बसून चहा पितो." साडूला हे उत्तर अजिबात पटलं नाही. "काऊन बे," तो मला म्हणाला, "या लोकांनी जगावर राज्य घरी बसून केलं का?"

शेवटी त्याने दोन्ही घेतलं. पण पितृपक्षात नाही, दसऱ्याला. टायर बदलून गाडी दाराशी आली. चारही चाकांना हळदकुंकू, झेंडूची माळ, प्रत्येक टायरखाली लिंबू. साखळ्या वेगळ्या पाटावर मांडून त्यांनाही आपट्याची पानं वाहिली. इंग्लंडात आपटा कुठला, म्हणून बागेतल्या कुठल्याशा झुडपाला त्या दिवसापुरता आपटा करून घेतला. बाबांनी आरती म्हटली. लिंबं चिरडत गाडी पुढे सरकली, तेव्हा गोरे आजोबा पडद्याआडून असे पाहत होते, की त्यांना चहा सोडून दुसरं काहीतरी लागणार असं मला वाटलं.

साखळी चढवण्याचा सराव मात्र बाकी होता, आणि सरावाला बर्फ कुठून आणणार? एका शनिवारी मी पोचलो तर ड्राइव्हवे पांढराशुभ्र. पाय ठेवला आणि थेट गाडीखाली गेलो. साबुदाणा! साडूने घरातला सगळा साबुदाणा पसरला होता. "रंग तोच, घसरणं तेच," तो गुडघे टेकून साखळी ओढत म्हणाला. गाडी मागेपुढे झाली, साखळ्या खळखळल्या, साबुदाण्याचं पीठ पडलं. माझी मेव्हणी दारात उभी. "आता चतुर्थीला मी काय टायर तळून खाऊ?" बाबा खुर्चीत शाल पांघरून बसले होते. ते त्या पांढऱ्या पसाऱ्याकडे पाहत हळूच म्हणाले, "असाच दिसत असंल, नाही का?" साडूचे हात थांबले. मग तो पुन्हा साखळी चढवू लागला, पहिल्यापेक्षा जोरात.

फेब्रुवारीत आम्ही निघालो. साडू, मेव्हणी, बाबा आणि बॅगा मांडीवर घेतलेला मी. मँचेस्टरपर्यंत पाऊस, मँचेस्टरनंतर पाऊस, स्कॉटलंडात तर पावसाचं माहेरच. डोंगर हिरवेगार, मेंढ्या ओल्याचिंब आणि साखळ्या पिशवीत कोरड्या. साडू प्रत्येक वळणावर म्हणायचा, "पुढच्या डोंगरावर असंल, बाबा." पुढच्या डोंगरावर मेंढ्या असायच्या. परतताना बाबांनी काचेवरून हात फिरवला. "पाऊसही छान आहे बाप्पा. नागपूरला तर आता आंब्याला मोहोर आला असंल." मार्चमध्ये ते नागपूरला परत गेले. विमानतळावरून आल्यावर साडू किती तरी वेळ गाडीतच बसून राहिला. मी काच वाजवली नाही.

वसंत आला, लोकांनी टायर बदलले. याने बदलले नाहीत. मऊ टायर उन्हात झिजतात म्हणून मी बजावलं, तर म्हणाला, "झिजू दे." आणि एप्रिलमध्ये, डॅफोडिल्स माना टाकत असताना, त्याचा फोन : "डोंगरात बर्फ पडून राहिला! चल." चल म्हणजे पुन्हा अख्खं बेट उभं ओलांडायचं. मी गेलो. साडूपणाला काही कर्तव्यं असतात.

आणि खरंच होता. वाट चढू लागली तसं जग हळूहळू पुसलं जाऊ लागलं. कुंपणं गेली, मेंढ्या गेल्या, मग आकाश कुठे संपतं तेही कळेना. साडू उतरला. दोन्ही साखळ्या त्याने इतक्या सफाईने चढवल्या, की साबुदाण्याचा दाणा न् दाणा सार्थकी लागला. माथ्यावरच्या मोकळ्या जागेत गाडी थांबवून त्याने नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे भर दुपार, कूलरची घरघर, बनियनमधले बाबा, मागे त्यांची धाकटी सून.

"बाबा, पाहा!"

"काही दिसून नाही राहिलं रे. सगळं पांढरंच आहे."

"तेच ते, बाबा. तोच बर्फ."

बाबा फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिले. मग म्हणाले, "आवाज कसा होतो याचा?"

साडूने आजूबाजूला पाहिलं. "आवाजच नाही, बाबा. काहीच नाही."

"नाही?" बाबांनी मान वळवली. "सूनबाई, तो कूलर बंद कर जरा."

एप्रिलमधल्या नागपुरात, भर दुपारी! घरघर मंदावत थांबली. साडूने फोन हातभर पुढे धरला. त्याच्या बाहीवर, बोटांवर, फोनच्या कडेवर पांढरे कण बसत गेले, आणि पलीकडे कपाळावरचा घाम न पुसता, बाबा डोळे मिटून ऐकत राहिले.