चिन्नोरचा वास

कुकरमधल्या चिन्नोर तांदळाचा वास घरभर सुटला, की मला आमगावजवळचं आमचं डी.एड. कॉलेज आठवतं. वसतिगृहात प्रत्येकीने घरून तांदळाचं पोतं आणायचं आणि स्वयंपाकाच्या शेवंताबाईंनी पाळीपाळीने एकेकीचा तांदूळ रांधायचा, अशी रीत होती. ताटावर बसताच कोणीतरी विचारायचंच, "आज कोणाचा वं?"

त्या दिवशी भाताला असाच वास होता. शेवंताबाईंनी माझं नाव सांगितलं. शेजारशेजारच्या पोत्यांत त्यांची गफलत झाली होती. आमच्या ठेक्याने घेतलेल्या धानाच्या बांधीत जाडा तांदूळ पिकायचा; चिन्नोर होता माझ्याच खोलीतल्या हेमलताचा. सगळ्या वाखाणत होत्या आणि मी गप्प राहिले.

"तुह्या घरचा भात लय गोड लागून राहिला," हेमलता म्हणाली. तिला आपला तांदूळ ओळखू आला नाही, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी तिच्या नावावर आमचा जाडा भात आला. सगळ्यांनी नाकं मुरडली. मीही मुरडलं.

हेमलताने ताट पुढे केलं आणि आणखी भात मागितला.