ट्रंकआत्याचा लॅपटॉप

आमच्या आत्याशी पहिल्यांदा बोलणारा माणूस हमखास गोंधळायचा. ती समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचीच नाही, सरळ तोंडाकडे बघायची, आणि तेही असं एकटक, की माणसाला वाटावं आपल्या दातात पालक अडकलाय. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी एकदा तोंडावर पदर धरून तिच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या. आत्याला त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. पण घरी येऊन म्हणते कशी, "किती गुणाची बाई आहे! एका शब्दाने कोणाची बुराई नाही केली!"

आत्याला ऐकू कमी येत होतं, आणि ते जगाला कळू द्यायचं नव्हतं. त्याला कारण होतं. आजोबा फौजेत, त्यामुळे आमचं घर महूचं. आत्या तिथेच टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागली आणि तिथूनच रिटायर झाली. तेव्हा दूरगावी बोलायचं तर आधी ऑपरेटरला नंबर सांगावा लागे, मग ती ट्रंक कॉल जोडून द्यायची. जिने जन्मभर दुसऱ्यांचे आवाज कानाला लावून ठेवले, तिचेच कान गेले. हे तिने कोणत्या तोंडाने सांगावं? रिटायर झाल्यावर ती इंदूरजवळ राऊला आमच्याकडे राहायला आली, तर कॉलनीतल्या पोरांनी चार दिवसांत तिचं नाव ठेवलं ट्रंकआत्या. ती खूष! कोणी विचारलं तर स्वतःच सांगायची, "हो, तीच मी, ट्रंकवाली."

नोकरी सुटली तरी तिची जीभ एक्सचेंजमध्येच राहिली. ट्रंक कॉलची तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मधेच विचारायची, वाढवायचं का. आत्या हेच घरात करायची. बाबा कोणावर तरी चिडून सुरू झाले की ही वरण वाढता वाढता म्हणणार, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" बाबांना हसू यायचं आणि राग तिथेच संपायचा. मी लहानपणी तिच्या कुशीत गोष्ट ऐकत असले, की ऐन रंगात आल्यावर ती थांबायची आणि तेच विचारायची. मी ओरडायचे, "वाढवा!" आत्याला मी एरवी अगं-तुगं करायचे, पण या एका शब्दात ती ऑपरेटर आणि मी गिऱ्हाईक.

तिचं दुसरं वाक्य असं, "लाइनवरचं लाइनवर." महूच्या अर्ध्या फौजेची सुखदुःखं तिच्या कानांवरून गेली होती. कोणाची सोयरीक मोडली, कोण आईजवळ ढसाढसा रडला, सगळं तिला ठाऊक. आम्ही खोदून खोदून विचारायचो, सांग ना, सांग ना. ती साडीच्या निऱ्या सारखी करत उठायची. "ऐकलं ते जोडून देण्यापुरतं ऐकलं. बाहेर बोलले असते तर त्याच दिवशी हेडफोन काढून ठेवावा लागला असता मला."

बाबांनी तिला कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते तिने चार दिवस लावलं आणि बांगड्यांच्या डब्यात ठेवून दिलं. म्हणे, "साऱ्या गावाच्या लाइनी एकदम लागतात यात. कुकर, कुत्रं, तुझा बाप, सगळे एकाच कनेक्शनवर!" मग तिची लाइन म्हणजे मी. टीव्हीवर काय म्हणाले, दारावर कोण आलं, बाबा का हसले, मी तिच्याकडे तोंड फिरवून सावकाश सांगायचे. आमची खोली एकच. दिवा गेला की आमचं बोलणं संपलं, म्हणून आमच्या खोलीतला दिवा शेवटी मालवायचा हा घरातला नियमच होऊन बसला होता. आणि सकाळच्या बुद्धवंदनेला आम्ही सगळे डोळे मिटून त्रिशरण म्हणायचो, तेव्हा एकटी आत्या डोळे टक्क उघडे ठेवून आमच्या ओठांकडे बघत असायची. पाठ तर तिला सगळ्यांहून पक्कं होतं. फक्त आपण पुढे जाऊ नये, मागे पडू नये, एवढीच तिची धडपड. एका पाहुण्याने टोकलंसुद्धा, "ताई, डोळे मिटा." आत्या त्यांच्या ओठांकडे बघून गोड हसली आणि डोळे उघडेच ठेवले.

मला फिनलंडच्या एका विद्यापीठात पीएचडीला जागा मिळाली. चार वर्षं. घरात पेढे वाटून झाले आणि लॅपटॉपवर खल सुरू झाला. इथूनच घ्यायचा, कारण तिकडचा कीबोर्ड वेगळा. वॉरंटी तिकडे चालणारी हवी, बॅटरी दिवसभर टिकणारी हवी, आणि वजन कमी हवं, नाहीतर विमानात त्याच्यापायी लोणचं मागे राहील. मी एक कागदासारखा पातळ, चंदेरी लॅपटॉप मनात पक्का केला होता. बाबाही म्हणाले, "घेऊन टाक." तेवढ्यात आत्या पायांत चप्पल घालून दारात उभी. "मी पण येते मार्केटला."

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"मला काय कळतं ते दुकानात सांगते."

दुकानदार तरुण होता, इंदौरी बोलघेवडा. मी फिनलंडला न्यायचाय म्हणून चंदेरी लॅपटॉप मागितला, त्याने तो फुलासारखा उचलून समोर ठेवला. आत्या म्हणाली, "भिया, इससे आपके मोबाइल पे वीडियो कॉल लगा दो जरा." त्याने लावून दिला. त्याचा मोबाइल घेऊन आत्या थेट रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. मी बोलले. परत आली ती नाक मुरडतच. या लॅपटॉपचा कॅमेरा वर नव्हता, खाली बिजागरीपाशी होता. "तुझ्या नाकपुड्या दिसल्या फक्त. दुसरा दाखवा."

दुसऱ्याच्या वेळी तिने नवीन टूम काढली. "भिया, लाइट बंद करो. शटर भी आधा गिराओ."

"क्यों माँजी, फिनलंड में बिजली नहीं है क्या?"

"वहाँ दोपहर को ही रात हो जाती है, मैंने पूछ के रखा है. करो बंद."

भर दिवसा दुकान अंधारात. दोन गिऱ्हाइकं आत डोकावून, दुकान बंद समजून निघून गेली. मला धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं होतं. दुसऱ्याच्या चित्रात नुसत्या मुंग्या. तिसरा लॅपटॉप काळा, जाडजूड, आजोबांच्या फौजी ट्रंकेची आठवण करून देणारा. मी त्याच्यापुढे बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "एवढा ढब्बू लॅपटॉप मी मुळीच नेणार नाही." रस्त्यापलीकडून, पाठमोरी असलेली आत्या मोठ्याने ओरडली, "ढब्बू असू दे! हाच पक्का!"

दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. "माँजी को सुनाई कैसे दिया?"

मी चिडले होते. चार वर्षं तो धोंडा पाठीवर मी वाहणार, आणि पसंत करणार ही! आत्या मला राजवाड्यापाशी पोहे खायला घेऊन गेली. तिथे सारी गर्दी, हॉर्न, कढईचा चरचराट. तिला त्यातलं काहीच त्रास देत नव्हतं. प्लेट हातात तशीच धरून ती म्हणाली, "छोटी, एक सांगते, घरी बोलू नको. मला आता फोनमधलं काही म्हणजे काही समजत नाही. मशीन लावूनही नाही. तुझं तोंड नीट दिसलं तरच तू मला ऐकू येणार. नाही दिसलं, तर चार वर्षं बाकीचे तुझ्याशी बोलतील आणि मी मागे बसून हसत राहीन. तसं हसायला मला येतं, खूप सवय आहे. पण तुझ्या बाबतीत नाही जमणार गं."

मी मान खाली घालून तिच्या प्लेटमध्ये शेव घालत राहिले. रडणारं तोंड तिला नीट वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. परत दुकानात गेलो आणि ढब्बू घेतला.

निघायच्या दिवशी घरात वंदना झाली. मीही त्या दिवशी डोळे मिटले नाहीत. आत्या माझ्या ओठांकडे बघत होती आणि मी तिच्या. लोणचं खरंच मागे राहिलं.

तिकडे गेल्यावर मी खिडकीपाशी टेबल मांडलं, तोंडासमोर एक दिवा ठेवला आणि रविवारचा रविवार ढब्बू उघडून बसू लागले. राऊला टॅबलेटसमोर आत्या मधोमध, बाबा आणि आई तिच्या बाजूला. हसण्यात ती कधीच मागे राहिली नाही, सगळ्यांच्या आधी हसायची.

पहिल्याच हिवाळ्यात मी पार खचले. काम जमत नव्हतं, बोलायला कोणी नव्हतं, सूर्य तर दिसतच नव्हता. त्या रविवारी आधी इकडचं तिकडचं बोलायचं मी ठरवलं होतं, पण तोंड उघडलं आणि निघालं ते हेच, "मला इथे नाही राहायचं. मला घरी यायचंय. माझ्याच्याने होत नाही." समोर बाबा कानावर हात नेऊन खुणा करत होते. माझ्या लॅपटॉपचा माइक बंद पडला होता. त्यांना एक शब्द पोचला नव्हता.

आत्याला सगळे पोचले होते. क्षणभर तिचा चेहरा हलला, मग तिने हात वर केला. "थांबा, गडबड करू नका. मी जोडून देते." बाबांकडे वळून ती म्हणाली, "म्हणते, खूप बर्फ पडलाय. सर्दी झालीय, म्हणून डोळे लाल. बाकी मजेत आहे. आईने पाठवलेली चटणी संपली म्हणते."

आई लगेच चटणीच्या काळजीत उठली. बाबा "काढा घे म्हणावं" म्हणत तिच्यामागे गेले. आत्याने टॅबलेट जवळ ओढला. आता नुसता तिचा चेहरा. "लाइनवर दुसरं कोणी नाही. बोल."

मी बोलले. आवाज नव्हताच, त्यामुळे लाजही नव्हती. तिने माझ्या ओठांवरची नजर एकदाही हलू दिली नाही. शेवटी म्हणाली, "यायचं तर ये. तुझ्या बापाला मी बघून घेते, हारलीस असं इथे कोणी म्हणणार नाही. पण आज उठून जेव, आणि पुढच्या रविवारी मला सांग, यायचंय का." आणि मग, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

मी मान हलवली. कितीतरी वेळ ती तशीच समोर बसून राहिली. पुढच्या रविवारी तिने विचारलं, त्याच्या पुढच्या रविवारीही विचारलं, आणि मी दर वेळी म्हणत गेले, अजून थोडं बघते. बाबांना ती बर्फाचीच गोष्ट माहीत आहे. लाइनवरचं लाइनवर राहिलं.

शेवटच्या वर्षी, माझा प्रबंध पूर्ण व्हायच्या आधीच आत्या गेली. एका सकाळी चहा ठेवला आणि खुर्चीत बसली ती बसलीच. मला पोचणं शक्य नव्हतं. बाबांनी तिच्या जागेवर टॅबलेट ठेवला आणि मी ढब्बूसमोर दिवा लावून बसले. वंदना सुरू झाली. नेट तुटत होतं, आवाज मागे राहत होता, मग पार गेला. तिकडे सगळ्यांनी डोळे मिटलेले. मी एकटी डोळे टक्क उघडे ठेवून त्यांच्या ओठांकडे बघत म्हणत होते, पुढे जाऊ नये, मागे पडू नये म्हणून. तेव्हा मला कळलं, ती रोज सकाळी केवढी एकटी बसून आमच्याबरोबर राहत होती.

संपल्यावर माणसं उठून गेली. बाबा टॅबलेटजवळ आले. त्यांचा आवाज येत नव्हता, पण ओठ स्वच्छ दिसले. "ठेवू का?"

मी दिवा जवळ ओढला आणि त्यांना दिसावं म्हणून सावकाश, तोंड नीट उघडून म्हणाले, "नको बाबा. वाढवा."