उमाटे सरांनी शिकवलेली अमेरिका

प्राध्यापक नारायणराव उमाटे सरांची आणि माझी पहिली भेट वर्गाच्या दारात झाली, आणि ती काही फारशी मानाची नव्हती. सेलूहून येणारी एसटी नेहमीसारखी उशिरा निघाली होती. धापा टाकत मी वर्ध्याला आमच्या कॉलेजात पोचले, तेव्हा बी.ए.च्या इतिहासाचा तास सुरू झाला होता. सरांनी उशिराचं कारण विचारलं नाही. "घरी शेती का दुकान?" एवढंच विचारलं. शेती, म्हटलं. "मंग तिकडे बस, बँकवाल्यांच्या बाजूले," म्हणाले. माणूस जरा विक्षिप्तच दिसतो, असं तेव्हा मला वाटलं.

उलगडा पुढच्या काही दिवसांत झाला. सर नव्या अमेरिकेची पहिली काही दशकं शिकवत. इंग्रजांचं राज्य झुगारलेला कोवळा देश, तिजोरी रिकामी, आणि पहिल्याच मंत्रिमंडळात दोन तट. खजिन्याचे मंत्री म्हणत, राष्ट्राची बँक हवी, कारखाने हवेत. परराष्ट्रमंत्री म्हणत, देश शेतकऱ्याच्या जोरावर उभा राहतो, बँका त्याला गिळतील. हा वाद सर आमच्याकडून वर्गात भांडून घेत, पण बाजू उलट्या करून. शेतकऱ्यांच्या मुलांनी बँकेचं वकीलपत्र घ्यायचं, दुकानदारांच्या मुलांनी नांगराचं. माझ्यासमोर उभा राहिला गिरीश, सेलूच्या किराणा व्यापाऱ्याचा मुलगा आणि आज सरांच्या या गौरवग्रंथाचा संपादक. तो म्हणाला, "सर, मले तर तुरीचं अन् पऱ्हाटीचं झाड येगळं वळखू येत नाई. मी शेतकऱ्याकडून काय बोलू?"

"म्हनूनच बोल. वळखू येईन," सर म्हणाले.

बिचारा गिरीश सुटीच्या दिवशी आमच्या शेतावर आला आणि त्यानं प्रश्न विचारून बाबांना भंडावून सोडलं. मी इकडे घरात राष्ट्रीय बँकेचे फायदे सांगत सुटले होते. बाबांनी जेवता जेवता सगळं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाले, "हिले कॉलेजात आपन घातलं का त्या बँकवाल्यानं?" शेजारच्या शेतकऱ्याशी न बोललेला व्यापारी आणि बँकेची पायरी न चढलेला शेतकरी, दोघंही अर्धेच नागरिक, असं सर मानत. ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, करायला लावलं.

सर नोट्स देत नसत. यावरून त्यांच्याविरुद्ध तक्रारीही झाल्या. मुलं गाईड आणत, परीक्षेपुरती पाठ करत. "लिहून घेतलं का मानूस आयकनं सोडते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. हातात कधी चिठोरंसुद्धा नसे. डोळे मिटून सुरुवात करत आणि घंटा झाली की वाक्य अर्ध्यात सोडून निघून जात. पुस्तक लिहा म्हणून मागे लागणारे कमी नव्हते. सर 'पाहू' म्हणत आणि दुसऱ्या कुणाचा तरी प्रबंध तपासायला बसत. त्यांचं ते 'पाहू' आम्हाला इतकं सवयीचं झालं, की त्याची काळजी करावी हे कुणालाच सुचलं नाही.

अमेरिकेत निवडणुकीनं पहिल्यांदा सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली, तेव्हा हरलेले राष्ट्राध्यक्ष नव्यांच्या शपथविधीला थांबले नाहीत. पहाटेच घोडागाडीत बसून गावाकडे निघून गेले. हे ऐकून वर्ग हसला होता. "हासू नका," सर म्हणाले, "रुसले, पन गेले. फौज नाई बोलावली." पुढे मी त्याच कॉलेजात शिकवू लागले, तेव्हा प्राध्यापक संघाच्या निवडणुकीत सर हरले, तेही आपल्याच विद्यार्थ्याकडून. दुसऱ्या दिवशी सर पेढे घेऊन हजर. खुर्ची स्वतः पुढे सरकवली, कपाटातल्या फायली एकेक करून समजावल्या. जिंकलेले गृहस्थ खुर्चीत बसायला तयार होईनात. सर म्हणाले, "लाजू नको बापू. मले पहाटेची गाडी पकडाची नाई."

आणि माणूस म्हणून? बाबा सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती होते, तेव्हा सर रोज संध्याकाळी काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दिलेला डबा घेऊन येत. मी थोडं बाहेर पाय मोकळे करावेत म्हणून बाबांशी बँकेवरून मुद्दाम वाद काढत. एकदा त्यांनी बाबांना सांगितलं, की शेतकऱ्यांचा कैवार घेणाऱ्या त्या परराष्ट्रमंत्र्यांच्या स्वतःच्या शेतात गुलाम राबत होते. बाबा उशीवरून उठून बसले. "इतले दिवस मी त्याच्याकडून भांडून राह्यलो होतो, अन् तुमी हे आता सांगता?" बाबांना इतकं तावातावानं बोलताना पाहून मला हायसं वाटलं होतं.

सरांचा सगळ्यांत गाजलेला तास वर्गात होतच नसे. हंगाम आला की ते आम्हाला जिनिंग कारखान्याच्या आवारात नेत. प्रत्येकाच्या ओंजळीत सरकीसकट कापूस देत आणि म्हणत, बोटांनी सरकी काढा. बोटं दुखून येत, ढीग काही वाढत नसे. मग आत नेऊन यंत्र दाखवत. हे यंत्र अमेरिकेत आलं, तेव्हा गुलामांचे हात मोकळे व्हायला हवे होते. झालं उलटंच. कापूस झटपट साफ होऊ लागला, म्हणून आणखी जमिनीत कापूस पेरला, आणि तो वेचायला आणखी गुलाम आणले. इथवर मला आठवतं. त्यानंतर सर तिथंच सरकीच्या ढिगाजवळ उभं राहून बराच वेळ बोलले होते. आमच्यातल्या काहींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण ते काय बोलले, ते मला आज काही केल्या आठवत नाही.

हे लिहिण्याचं कारण असं. पंचाहत्तरीच्या निमित्तानं गौरवग्रंथ काढायचा ठरला, तेव्हा गिरीश आणि मी सरांच्या घरी गेलो होतो. सर म्हणाले, "माह्यावर नका लिहू. ज्याले माहा जो तास आठवते, तो त्यानं लिहून द्यावा." आम्ही तो त्यांचा विनय समजलो. सर्वांना निरोप धाडले, लेखांचा गठ्ठा जमला. सरांची स्कूटर आली, काकूंच्या हातचा चहा आला, कुणाची फी भरली ते आलं, कुणाचं लग्न जुळवलं तेही आलं. तास एकाही लेखात आला नाही.

निदान मी तरी द्यावा म्हणून जिनिंगचा तास लिहायला बसले आणि अडले. शेवटी सरांकडेच गेले. म्हटलं, सर, त्या ढिगाजवळ तुम्ही पुढे काय सांगत होता? सर हळूच म्हणाले, "मले आठवलं असतं तं तुमाले काऊन मांगतलं असतं वं पोरी?"

मागच्या आजारपणानंतर सर हिंडतात, बोलतात, माणसं ओळखतात. पण शिकवलेलं बरंच पुसलं गेलं आहे. काकूंनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. इथं मी ते सरांच्या परवानगीनंच लिहिते आहे. त्या दुपारी मी त्यांच्याजवळ बसून जमेल तसं सांगत गेले, रिकाम्या तिजोरीपासून. सर मान हलवत ऐकत होते. मी थांबले, की "मंग?" विचारत होते. त्या 'मंग'पुढचं माझ्याजवळ फार थोडं होतं, याचं दुःख मला जन्मभर राहील.

सरांना आणि काकूंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, ही प्रार्थना आपण सारे करूच. त्यांच्या सर्व विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच, की सत्काराला शाल-नारळ आणू नका. कुणाजवळ सरांचा एखादा तास उरला असेल, अर्धामुर्धा का होईना, तर तो घेऊन त्यांच्या घरी जा आणि त्यांना ऐकवा. लवकर जा.