इनासचा ल्यूट आणि माझं चांदणं

इनास गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाईंदर पश्चिमेच्या बाजारात वालाच्या शेंगा निवडत होतो. त्याच्या मुलीनं, लिनानं, दोनच वाक्यं सांगितली. “मास्तर, पपा सकाळी गेले. चहा अर्धाच प्यायले होते...” भाजीवाल्यानं “अंकल, कितना दूँ?” म्हणून विचारलं आणि मी उगाचच दोन किलो सांगून बसलो. घरात माणसं आम्ही दोनच! या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

इनास भाईंदरजवळच्या किनाऱ्यावरच्या पालीचा, होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या घरातला. मोठ्या बोटीवर सुतार म्हणून तो जग फिरला आणि युरोपातल्या एका बंदरात, एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली बसून भलतीच विद्या शिकून आला. ल्यूट बांधण्याची. तीनशे वर्षांपूर्वी, बरोक काळात, तिकडच्या घराघरांत वाजणारं हे वाद्य. चोवीस तारा, पोट गोल आणि मान मागे मोडलेली. त्यानं ते आपल्या पडवीत बांधलं. लाकडाच्या पातळ पट्ट्या तापवून वाकवताना म्हणायचा, “होडीच्याच तर फासळ्या हायत, मास्तर. नुसत्या नाजूक.” आतड्याच्या तारा आमच्या खाऱ्या हवेत टिकेनात, तेव्हा पठ्ठ्यानं मासेमारीची तंगूस, म्हणजे तो काचेसारखा नायलॉनचा दोरा, ताणून बसवला. आणि वाजला की ल्यूट! मी उभा जन्म शाळेत पेटी शिकवली, पण असा स्वच्छ सूर कमी ऐकला.

आमचं भांडण मात्र पहिल्या दिवसापासून. माझं मत पक्कं होतं आणि मी ते कुणालाही ऐकवायचो: संगीत म्हणजे काळीज पिळवटणं. ल्यूट म्हणजे चांदणी रात्र, खिडकीखाली उभा प्रियकर, उसासे. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी त्याचा कार्यक्रम ठेवला, ट्यूबलाइट बंद करून एकच समई लावली आणि विरहावर दहा मिनिटं बोललो. इनासनं शांतपणे ऐकून घेतलं. मग भर सभेत म्हणाला, “लाइट लाव, मास्तर. मना तारा दिसत न्हाय. आणि ह्यो नाच हाय, मयत न्हाय.” सगळे हसले. मी आठवडाभर फुगून बसलो होतो.

नंतर त्यानंच समजूत काढली. चांदणं, उसासे हे सगळं पुढच्या शतकातल्या हळव्या लोकांनी या वाद्याला चिकटवलं, असं त्याचं म्हणणं. तोवर ल्यूट वाजवणारे जवळजवळ संपले होते. “वाद्य मेलं, मंग त्यांना प्रेम आलं,” तो म्हणाला. “मेल्यावर सगळ्यांनाच येतं.” आज हा लेख लिहिताना ते वाक्य मला टोचतंय, हे कबूल करतो. त्याचं वाजवणं मला कोरडं वाटायचं. लय घड्याळासारखी, कुठे रेंगाळणं नाही, कुठे हुंदका नाही. त्याच्याकडून मी ल्यूटवर एक नाच शिकलो, तोही कुरकुरत.

चार वर्षांपूर्वी रीतावहिनींना, त्याच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. त्या बऱ्या झाल्या, घरात चालू लागल्या. तेव्हापासून रोज अकरा वाजले की इनास माझ्याशी बोलता बोलता फोन ठेवायचा. “मना काम हाय.” मला वाटायचं, रियाज.

परवा पालीला गेलो तेव्हा लिना म्हणाली, “आई खुर्चीतून उठतच नाहीये.” मग तिनं सगळं सांगितलं. वहिनींचं पाऊल तालाशिवाय उचलत नव्हतं. इनास अकरा वाजता ल्यूट घेऊन बसायचा आणि त्या ठेक्यावर त्या खुर्चीपासून पडवीपर्यंत चालायच्या. चार वर्षं, एकही दिवस न चुकता... आणि मी त्याला कोरडा म्हणत होतो.

लिनानं ल्यूट माझ्या हातात दिला. मी तोच नाच वाजवायला घेतला. बोटं आपोआप रेंगाळली, एक सूर मी जीव ओतून लांबवला. वहिनी उठल्या होत्या, दोन पावलं टाकली होती. तिसऱ्याला त्या डगमगल्या आणि त्यांनी दाराची चौकट धरली.

“मास्तर, तू मदीच थांबतोस,” त्या म्हणाल्या. “मंग मी पाय कुठं ठेवू?”

एवढ्या वर्षांचा वाद मी तिथे हरलो, आणि हरल्याचं मला काडीचंही दुःख नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डोळे वाहत होते, ते वाहू दिले. लय सोडली नाही. वहिनी एकेक पाऊल टाकत पडवीत पोचल्या. मी हात थांबवला, डोळे पुसले.

त्या वळल्या आणि म्हणाल्या, “अरे, आता परत खुर्चीकडे यायचं हाय. वाजव.”