दफ्तर गेलं गावाला

जुनं नाटक आजचं कसं करायचं हे मला कळतं, अशा गुर्मीत मी नागपूर सोडलं. पिशवीत एका प्रहसनाची झेरॉक्स, खिशात पेन्सिल. आमच्या मंडळाला जुन्या प्रहसनांचा कार्यक्रम करायचा होता आणि ‘जरा मॉडर्न करून आणा’ असं मला बजावलं होतं. हे प्रहसन सीमेपलीकडच्या एका मराठी गावात अजूनही होतं, म्हणून आधी ते पाहायला निघालो.

चंद्रपूर, राजुरा, मग तेलंगणाची सीमा. वांकिडीच्या अलीकडे मी भलत्याच फाट्यावर उतरलो आणि कापसाच्या शेतांमधून तुटक्या चपलेनं दोन मैल चाललो. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे होऊन महिनाही झाला नव्हता. गावच्या शाळेच्या पाटीवर जिल्ह्याच्या नावावरून पांढरा रंग फिरवलेला होता; नवं नाव अजून लिहायचं होतं. मला ते गमतीचं वाटलं. तेव्हा मला बरंच काही गमतीचं वाटत होतं.

दौलतरावांच्या घरी उतरलो. घरचा कापूस, थोडी ज्वारी, आणि नाटकातली अर्जदाराची भूमिका. ती त्यांच्या वडिलांकडून त्यांच्याकडे आली होती. या गावात भूमिका अशाच वारशानं जातात. जेवायला भाकर, ठेचा आणि पुंटिकूरा (अंबाडीची भाजी) होती. वाढता वाढता त्यांची मुलगी वर्षा म्हणाली, ‘‘बाबा, उद्या आखरी दिवस आहे.’’

‘‘नर्सिंगले नंबर लागला हिचा,’’ दौलतराव मला म्हणाले. ‘‘रहिवासी दाखला पाह्यजे. तीन चकरा झाल्या. उद्या भेटला नाही तं जागा जाते.’’

दुपारी चारला मारुतीच्या पारासमोर खेळ झाला. हैदराबाद राज्य मोडलं, मराठी मुलूख पलीकडे गेला आणि हे गाव अलीकडे राहिलं, तेव्हा इथल्या एका मास्तरांनी हे लिहिलं. गोष्ट एवढीशी. अर्जदार कचेरीत येतो. मुन्शी (कारकून) गठ्ठ्यावर बसून पान चघळतो आणि सांगतो, ‘तुमचं दफ्तर गेलं गावाला.’ कोणत्या गावाला? इथं मुन्शी तोंड उघडून नुसता थांबतो आणि सगळा पार एका आवाजात म्हणतो, ‘‘तेच तं दफ्तरात लिवलं आहे!’’ लेकरं, म्हाताऱ्या, सगळे. पिढ्यान् पिढ्या ते वाक्य प्रेक्षकांचंच आहे.

शेवटी मुन्शी पाणी प्यायला उठतो आणि कळतं, तो ज्यावर बसला होता तेच हरवलेलं दफ्तर. अर्जदार दाखला डोक्यावर धरून नाचत घरी जातो.

मी हसलो, पण झेरॉक्सवर ‘दफ्तर गेलं गावाला’च्या प्रसंगापुढे लिहिलं: ‘अतिशयोक्ती. आज पटणार नाही. काढा.’ आणि पारावरच, लोकांच्या देखत, दौलतरावांनाही तसं सांगून टाकलं. शहरातून आलेल्या माणसाला न विचारता मत देण्याची खोड असते.

‘‘काऊन पटणार नाही?’’ ते म्हणाले. ‘‘तुमी बी चाला ना उद्या.’’

कुठल्या कचेरीत गेलो ते लिहीत नाही. वाचकानं आपल्या ओळखीची समजावी. टेबलं नवी होती, कपाटं अजून खोक्यांतच होती. बाकावर कालच्या प्रेक्षकांपैकी चौघं आपापले अर्ज घेऊन बसले होते. टेबलामागचा कारकून तरुण होता, सभ्य होता. त्याला मराठी येत नव्हती, म्हणून वर्षा तेलुगूत बोलत होती आणि आम्हाला मराठीत सांगत होती.

‘‘आपल्या गावाचे कागद जुन्या जिल्ह्यातून आले म्हणते. पण कोणत्या खोक्यात आहेत ते यादीत पाहा लागते.’’

‘‘मंग पाहा म्हण ना,’’ दौलतराव म्हणाले.

तिनं विचारलं. उत्तर ऐकून तिनं बापाकडे पाहिलं. तिला ते मराठीत सांगावंसं वाटत नव्हतं हे दिसत होतं.

‘‘यादी खोक्यात आहे म्हणते.’’

बाकावरून अगदी हळू आवाज आला, चौघांचाही. ‘‘तेच तं दफ्तरात लिवलं आहे.’’

कोणी हसलं नाही. कारकुनानं मान वर करून वर्षाला विचारलं, हे काय म्हणाले. ‘‘एमी लेदु सार (काही नाही साहेब),’’ ती म्हणाली. मला त्या तरुणाचा राग आला, मग माझा आला आणि तो जास्त टिकला. काल मी त्या चौघांच्या देखत ‘अतिशयोक्ती’ म्हणालो होतो.

आम्ही पाच वाजेपर्यंत बसलो. खोकी बांधलेलीच राहिली. पुढच्या सोमवारी या, असं सांगून कारकुनानं टेबल आवरलं. वर्षानं अर्जाची घडी करून तो पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला, सोमवारी कामाला येणार असल्यासारखा.

परतीच्या बसमध्ये मी झेरॉक्स काढली आणि पेन्सिलीचा शेरा खोडू लागलो. शेजारी दौलतराव बसले होते. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, ‘‘तुमचं नाटक आजचंच आहे. यातलं एक अक्षर बदलायला नको.’’

वर्षा पुढच्या सीटवर होती. तिची मान खिडकीकडे वळलेली होती. फाटा जवळ आला तशी ती उठून दाराशी गेली.

‘‘शेवट काढा,’’ दौलतराव म्हणाले.

‘‘शेवट?’’

‘‘मुन्शी पाणी प्याले उठते ना, तो. माहा बाप तो कागद डोक्यावर धरून नाचला. मी बी नाचलो, कालच.’’ ते उठले. ‘‘सकाळपासून बसलो होतो आपण. आजचा उठला काय? तेवढंच जुनं झालं त्या नाटकात.’’

ते दोघं उतरले. बसमध्ये उरलेली माणसं राजुऱ्याची होती, त्यांना नाटकाशी काही देणंघेणं नव्हतं. मी शेवटचं पान उघडलं आणि दाखला घेऊन नाचणाऱ्या माणसावर आडवी काट मारली. मंडळानं मला ज्यासाठी पाठवलं होतं, ते काम झालं होतं.