पोपटी घर

रिक्षावाल्याला मी नेहमीसारखं सांगितलं, "पोपटी घरापाशी थांबव." तो थांबलाच नाही. मी मागून ओरडलो, "अरे, घर मागं गेलं!" तर म्हणतो कसा, "आजोबा, पोपटी घर मला कुठं दिसलंच न्हाय." शिवी अगदी ओठावर आली होती. मान वळवून बघतो तर मलाही दिसेना.

माणगावला लेकीकडे राहून एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून मी परत येत होतो. डोळ्यावर काळा चष्मा. डोळा गेला म्हटलं. चष्मा काढला. कुंपणावरची जास्वंद लालभडक दिसत होती, नळाखालची बादली निळी दिसत होती. म्हणजे डोळा शाबूत होता. घरच गेलं होतं.

भिंती होत्या जागेवर. पण माझा पोपटी रंग, गुलाबी खांब, खिडक्यांभोवतीची पिवळी पट्टी, सगळं नाहीसं झालं होतं. त्या जागी ओल्या सिमेंटवर राख फिरवावी तसलं काहीतरी. पडवीतली ट्यूबलाइट काढून तिथं बांबूची टोपली उलटी टांगली होती आणि तिच्यात एक बल्ब भरदिवसा मिणमिणत होता. मी पिशवी हातात धरून वाटेवरच उभा.

सून बाहेर आली. "आलात बाबा? कसं वाटतंय?"

"कोण गेलं?" मी विचारलं.

तिला कळलं नाही. ती ठाण्याची. आमच्या नागावात गणपतीच्या आधी, पाऊस जरा उघडला की घराघराला रंग लागतो. पैसा कमी असला तर नुसता चुना, पण हात फिरतोच. घरात मयत झालं असेल तेवढंच घर त्या वर्षी तसंच राहतं. रस्त्यानं जाणाऱ्याला सांगावं लागत नाही. भिंत बघून तो समजतो आणि आवाज खाली करतो.

पोरगा आला. "बाबा, हा रंगच आहे. मातीचा रंग. पुढच्या खोल्यांत पाहुणे उतरतात ना, त्यांना असंच आवडतं. मुंबईहून सजावटवाल्या मॅडम आल्या होत्या. तुम्हाला फोटो पाठवले होते."

"कुठं पाठवलेस?"

"फोनवर."

मी खिशातून माझा फोन काढून त्याच्यापुढे धरला. बटणांचा. ह्याच्यात माणसाचा आवाज येतो, फोटो येत नाही. आणि माणगावला तर तो बंदच होता. त्याच्या बारीक पिनेचा चार्जर लेकीच्या घरात कोणाकडे नाही.

"म्हणून सांगतो, नवा घ्या," पोरगा म्हणाला.

"म्हणून मीही सांगतो, बापाला विचारल्याबिगर बापाचं घर खरवडू नको."

त्या रात्री मला घास गेला नाही. राग आला होता, पण रागापेक्षा धक्का मोठा होता. मातीचा रंग! माझा जन्म कुडाच्या घरात झाला. भिंत मातीची, जमीन मातीची, चूल मातीची, आणि आईचे हातही त्याच रंगाचे. पावसात भिंतीचा पोपडा पडला की पुन्हा माती. चौथीत शाळा सुटली आणि मी कामाला लागलो तेव्हाच ठरवलं होतं, आपलं घर लांबून दिसलं पाहिजे. चिऱ्याची भिंत घातली, गिलावा केला, तेव्हा रंगाच्या दुकानात जाऊन सर्वांत भडक डबा मागितला. तोही फिका वाटला म्हणून त्यात पिवळा मिसळला. लोक आम्हांला भडक म्हणतात. ज्यांच्या आज्याच्या घरालाही रंग होता त्यांना रंगाचा कंटाळा येत असेल. येऊ दे. मातीच्या रंगासाठी पैसे मोजायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.

सकाळी पाहुण्यांसाठी सुनेनं बासरी लावली. गाणं नाही, शब्द नाही, नुसती फुंकर. कोणाला तरी झोपवायला लावल्यासारखी. मी माझा टेपरेकॉर्डर पडवीत आणला आणि बेंजोची कॅसेट घातली. बेंजो म्हणजे तारांवर बटणं दाबून वाजवतात ते. हळदीच्या रात्री आम्ही तो कर्ण्यावर लावायचो, तेव्हा समुद्राच्या काठापर्यंत पोरं नाचायची. हा मी स्वतः वाजवलेला. कॅसेट मधेमधे घोगरी होते, तरी ऐकणारा जागा राहतो.

"बाबा, प्लीज," सून हात जोडून म्हणाली. "पाहुणे झोपलेत."

"मग उठतील."

असं भांडण चालू असतानाच फाटकाशी आमच्या बेंजो पार्टीचा ढोलकीवाला येऊन उभा राहिला. रेवदंड्याचा, माझ्याच वयाचा. डोक्यावर पांढरी टोपी, चेहरा पडलेला, हातात मयताच्या घरी नेतात तशी कागदात बांधलेली साखर. तो थेट सुनेजवळ गेला. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं, काळ्या चष्म्यात ओळखलंही नसेल.

"पोरी, कळवायचं तरी," तो म्हणाला. डोळे भरलेले. "एसटीतून घर बघितलं आणि समजलो. ऑपरेशनला गेलाय एवढंच कानावर होतं. फोन लावला तर बंद. आणि त्याचीच कॅसेट लावून बसलात व्हय? ऐकवत न्हाय रे देवा."

मी उठलो आणि म्हणालो, "अरे भडव्या, मी हाय!"

तो दोन पावलं मागं सरकला. पुडी फुटून साखर पडवीभर झाली. मग त्यानं माझा दंड चाचपून बघितला, आणि आईवरून जे सुरू केलं ते इथं लिहिता येणार नाही. सुनेचा चेहरा मात्र पांढराफटक. "म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्या सगळ्यांना असंच वाटतंय?" तिनं विचारलं.

"वाटणारच," मी म्हणालो. मला वाटलं, जिंकलो.

चहा आला. ढोलकीवाल्यानं बशी तोंडाला लावली, घराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "खरं सांगू? रंग वाईट न्हाय. डोळ्याला थंड वाटतो."

"काय?"

"तुझा तो पोपटी... आम्ही काय बोलणार? हिरवा साप उन्हात पडल्यासारखा दिसायचा. अख्ख्या नागावाला म्हायती हाय. तू भांडशील म्हणून कोण बोलला न्हाय."

मी घरात बघितलं. आमची ही उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. "ऐकलंस? तुला तर आवडायचा ना?"

"मला कोणी विचारलं कधी?" तिनं खडा बाहेर टाकला. "तुम्ही डबा घेऊन आलात, मी शिडी धरली. पण आता घर रंगवा काय ते. माझ्या कुंकवाला लोक सुतक लावतायत, त्यावर गणपती आणू का मी?"

सून म्हणाली, "बाबा, भिंती राहू देत अशाच. खांब आणि दाराची चौकट तुमची. तुम्हाला पाहिजे तो रंग लावा."

सगळं घर मागायचं माझ्या मनात होतं. पण तिचा आवाज कापत होता. "बरं," म्हणालो, आणि गुलाबी खांब आता पोपटी करायचे ठरवून दुकानातून तोच डबा आणला, तोच पिवळा आणला. ढोलकीवाला मुक्कामाला राहिला. डॉक्टरांनी मला धुळीत जाऊ नको असं सांगितलं होतं म्हणून घासकाम त्यानं केलं. तोंडानं माझ्या आवडीचा उद्धार चालूच.

मी डबा उघडला, पिवळा ओतला, काठीनं ढवळला. शिडी चढून काळा चष्मा काढला, पहिला हात खांबावर मारला आणि ब्रश तसाच हातात राहिला.

बाप रे!

इतका? हा रंग इतका होता? खांब पेटल्यासारखा दिसत होता. मी दुसरा, जुना डोळा झाकून बघितलं, मग नवा झाकून बघितलं. जुन्या डोळ्याला तो माझाच रंग, सुपारीच्या नव्या पानासारखा, शांत. नव्या डोळ्याला नुसता आगडोंब. मोतीबिंदू कधी चढत गेला देव जाणे. वर्षावर्षाला रंग फिका वाटायचा म्हणून मी दरसाल पिवळा वाढवत गेलो होतो, आणि हे सगळे बिचारे चांगल्या डोळ्यांनी तो बघत होते.

"काय झालं?" खालून ढोलकीवाल्यानं विचारलं. "थांबलास का?"

हिनं शिडी धरली होती. तीही वर बघत होती.

मी पुन्हा खांबाकडे बघितलं, नव्या डोळ्यानं, नीट. एवढी वर्षं मी माझ्या पोपटीचा अर्धाच रंग बघितला होता. उरलेला अर्धा आज पहिल्यांदा दिसत होता.

"काय न्हाय," मी म्हणालो. "जरा पिवळा कमी पडलाय. तो डबा दे वर."