चार दिवसांची पाळी

भोरच्या डॉक्टरीणबाईंनी पाळी किती दिवस असते असं विचारलं, की मी "चार" सांगायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण चुकीचं सांगायचं कारण ते नव्हे. आमच्या पासली गावात चारच दिवस असतात. चार दिवस बाजूला बसायचं, चूल शिवायची नाही, देवाजवळ जायचं नाही. भाताच्या चिखलात मात्र उतरायचं. खाचराला विटाळ होत नाही, ही केवढी सोय! पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की संपलं. हे रक्ताला कुणी कळवलं नव्हतं, म्हणून ते पुढं आठवडाभर जायचं.

तर डॉक्टरीणबाई चार लिहायच्या, रक्तवाढीच्या गोळ्या द्यायच्या, आणि मी पोटाशी गुडघे घेऊन पडायची. सासूबाई म्हणायच्या, "आमाला न्हाई कदी असलं झालं. लई कवतिक!" आमच्या मालकांनी तर उपायही काढला होता. लावणीच्या महिनाभर आधी गर्भाची पिशवी काढून टाकायची, म्हणजे लावणीला बाई मोकळी. ऑपरेशन झालेली बाई महिन्यात वाकून रोपं लावते, एवढा यांचा अभ्यास. मला त्या ऑपरेशनची धास्ती होती, पण मला विचारतंय कोण?

सासूबाई मला घेऊन दवाखान्यात गेल्या. सोनोग्राफी झाली, रक्तही तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गर्भाशयाच्या आतलं अस्तर त्याच्या भिंतीत शिरलंय. भिंत जाड झालीय, म्हणून दुखतं. अ‍ॅडेनोमायोसिस म्हणतात याला."

"काडूनच टाका, बाई," सासूबाई म्हणाल्या.

"थांबा. चार दिवसांत अंगातलं रक्त इतकं कमी होत नाही. ताई, खरं सांगा. त्यावरच ठरेल काय करायचं ते."

मी फरशीकडं बघत म्हटलं, "अकरा."

"अकरा?" सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. "आन् पाचव्या दिशी देवाला दिवा कोन लावत हुतं?"

"मीच."

"सैपाक?"

"तोबी मीच, आत्या."

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं. तांबीसारखी, पण औषध सोडणारी छोटी वस्तू आत बसवू, म्हणाल्या. पिशवी काढायचा विचार त्यानं गुण आला नाही तर.

परतताना कापूरहोळला एसटीची वाट बघताना सासूबाई बोटं मोजत बसल्या होत्या. मला वाटलं, बाटलेले देव मोजतायत. त्या भाकरीचे दिवस मोजत होत्या.

"अकरा दिस तू बाजूला बसल्यावर भाकऱ्या कोन थापनार गं?"

एसटी आली तेव्हा त्यांनी निकाल दिला होता. "इटाळ चारच दिस. म्होरलं दुखनं हाय. दुखन्याला देव काय म्हनत न्हाई."

ती वस्तू बसवल्यावर पहिले काही महिने डाग लागत राहिले. मग कळा कमी झाल्या, रक्तही. परवा तपासणीला गेलो तर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच विचारलं.

"चार," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा खरं.

शेजारून सासूबाई म्हणाल्या, "म्या पैल्यापास्नं तेच सांगत हुते."